दोनदा म्हटलं की खेळ

‘खोटं’ हा शब्द मराठीत एकदा उच्चारला तर आरोप होतो आणि दोनदा उच्चारला तर आमंत्रण. ‘तू खोटं बोलतेस’ म्हटलं की चार वर्षांच्या मुलीचा ओठ थरथरायला लागतो. ‘चल, खोटा-खोटा चहा पिऊ’ म्हटलं की तीच मुलगी मांडी घालून समोर बसते, रिकाम्या कपावर फुंकर मारते आणि वर विचारते, ‘साखर पुरे ना?’

मुलांच्या कितीतरी खेळांची नावं अशीच घडलेली आहेत. ‘शाळा’ म्हणजे सकाळी डोळे चोळत जायची जागा. ‘शाळा-शाळा’ म्हणजे उशांना भिंतीशी ओळीनं बसवून फुटपट्टी आपटायची मजा. दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर, लग्न-लग्न, घर-घर. शब्द दोनदा म्हटला की खेळ झाला. हे मुलांना कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. पहिला शब्द खऱ्या गोष्टीचा, दुसरा तिच्या सोंगाचा, आणि दोन्ही एका दमात. खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते याहून थोडक्यात सांगणं अवघड आहे.

चित्रांत मात्र ते एका पुस्तकाला जमलं आहे. अँटोनेट पोर्टिस या अमेरिकन लेखिका-चित्रकर्तीचं ‘नॉट अ बॉक्स’ हे पहिलंच पुस्तक २००६ साली आलं. हातात घेतलं की आधी पुस्तक वाटतच नाही. मुखपृष्ठ खोक्याच्या तपकिरी कागदासारखं, आणि मालाच्या खोक्यावर छापतात तसं त्यावर वजनही छापलेलं. आत एक ससुला आहे, म्हणजे चार-सहा जाड रेषांत काढलेलं सशाचं पिल्लू. त्याच्यापाशी एक खोका आहे. पानावर न दिसणारं कुणीतरी त्याला विचारतं, खोक्यात का बसलायस? ससुल्याचं उत्तर एकच, हा खोका नाहीये. पुढच्या पानावर आपल्याला दिसतं की ती शर्यतीची गाडी आहे. मग विचारणा होते, खोक्यावर का उभा आहेस? तो डोंगर असतो. खोक्यावर पाणी का मारतोयस? इमारतीला आग लागलेली असते. खोका अंगात का घातलायस? आता तो यंत्रमानव झालेला असतो. सगळ्या पुस्तकात शब्द इतके थोडे की नुकतं वाचायला लागलेलं मूलसुद्धा पाच मिनिटांत संपवेल. अशाच नववाचकांच्या पुस्तकांसाठी असलेल्या थिओडोर स्यूस गायझेल पुरस्काराच्या यादीत २००७ साली त्याला मानाचं स्थान मिळालं.

 

पुस्तकाची खरी करामत रेषेत आहे. खोका आणि ससा काळ्या रेषेत काढलेले आहेत. ससा जे पाहतो आहे ते लाल रेषेत. गाडीची चाकं, डोंगराचा उतार, खिडक्यांतून निघणाऱ्या ज्वाळा, सगळं लाल. पण लाल रेष आली म्हणून काळी पुसली जात नाही. गाडीच्या पोटात खोका जसाच्या तसा दिसत राहतो. एखाद्या साध्या चित्रकारानं काय केलं असतं? पहिल्या पानावर खोका काढला असता आणि दुसऱ्या पानावर झकास, चकचकीत गाडी. मग त्याचा अर्थ झाला असता की मुलाला खोका दिसेनासा होतो, मूल भ्रमात जातं. पोर्टिसबाई तसं म्हणत नाहीत. ससुल्याला खोकाही दिसतो आणि गाडीही. ‘हा खोका नाहीये’ असं तो ज्या ठामपणे सांगतो, तो ठामपणाच मुळी खोका दिसत असल्याचा पुरावा आहे. आपण एरवी कुठे सांगत सुटतो, की ही खुर्ची खोका नाही, हा आंबा खोका नाही?

मोठी माणसं इथंच चुकतात. मूल कल्पनेत रमलंय म्हणजे त्याला खऱ्याखोट्याचं भान नाही, असं आपण धरून चालतो. आणि मग एक तर कौतुकानं हसतो, नाहीतर काळजीत पडतो. भातुकलीचं पान आठवून पाहा. चुरमुरे, दाणे, गूळ हा खाऊ खरा असतो, स्वयंपाक खोटा असतो. शेजारीच मातीचा भात आणि आंब्याच्या पानाची पोळी वाढलेली असते. दाणे पोटात जातात; मातीचा भात ओठांपाशी नेऊन ‘मच मच’ असा आवाज काढून खाली ठेवला जातो. माती म्हणजे भात असं मुलाला खरोखर वाटलं असतं तर बाहुलीच्या लग्नाच्या प्रत्येक पंगतीनंतर दवाखाना गाठावा लागला असता.

हे भान किती लवकर येतं, याची झां पियाजे यांची एक नोंद प्रसिद्ध आहे. या स्विस मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्या तीन मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं आणि ते १९४५ च्या पुस्तकात मांडलं. मुलगी झाकलीन सव्वा वर्षाची असताना तिच्या हाती एक कापड आलं. त्याच्या कडेच्या झालरीमुळे तिला आपल्या उशीची आठवण झाली असावी. तिनं ते मुठीत धरलं, अंगठा तोंडात घातला, आडवी झाली, डोळे मिटायला लागली. झोपेचं सगळं साग्रसंगीत. आणि हे चालू असताना ती खदखदून हसत होती. त्या हसण्यात सगळं आलं. खरंच झोप येणारं मूल हसत नाही, किरकिरतं. सव्वा वर्षाच्या त्या पोरीला ‘झोप-झोप’ म्हणता येत नव्हतं, म्हणून ती हसली.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांना घेऊन खोट्या-खोट्या चहापानाचा प्रयोग केला. खेळण्यातले दोन कप, एक रिकामी बाटली. मुलानं बाटलीतून दोन्ही कपांत ‘पाणी’ ओतायचं. मग प्रयोग करणारा एक कप उचलतो, उपडा करतो, झटकतो, परत जागेवर ठेवतो आणि विचारतो, यातला भरलेला कप कुठला? दोन्ही कप कोरडे ठणठणीत आहेत. तरी मुलं न चुकता न उपडलेल्या कपाकडे बोट दाखवतात. म्हणजे नुसतं पाणी कल्पून भागत नाही. त्या कल्पनेतल्या पाण्यानं खऱ्या पाण्याच्या नियमांनी वागावं लागतं. उपडं केलं की ते सांडणारच. पॉल हॅरिस आणि रॉबर्ट कॅव्हनॉ यांच्या प्रयोगांत, जे १९९३ साली प्रसिद्ध झाले, एक खट्याळ टेडी अस्वल येऊन असाच खोटा चहा सांडून ठेवतं. लगेच मुलं फडकं घेऊन नेमकं तेवढंच ‘ओलं’ झालेलं कोरडं करतात. खोट्याची एवढी चोख हिशेबवही ठेवायची तर खरं आणि खोटं या खात्यांची सरमिसळ करून कसं चालेल?

लेस्लींना पडलेलं कोडं आणखी मूलभूत होतं. १९८७ च्या आपल्या लेखात त्यांनी ते मांडलं. दोन वर्षांच्या मुलासमोर आई केळं कानाला लावून ‘हॅलो, कोण बोलतंय?’ म्हणते. त्या वयाचं मूल केळं काय आणि फोन काय, हे अजून शिकतंच आहे. मग आईच्या या चाळ्यानं त्याचा गोंधळ का उडत नाही? उद्यापासून ते फोन सोलायला का घेत नाही? लेस्लींचं म्हणणं असं की मुलाच्या मनात ‘हे केळं आहे’ ही नोंद कायम राहते, आणि ‘आई याला फोन समजते आहे’ ही दुसरी नोंद वेगळ्या कप्प्यात, जणू अवतरणचिन्हांत ठेवली जाते. दुसरी नोंद पहिलीला धक्का लावत नाही. काळी रेष आणि लाल रेष हीच. आणि ज्याला आईच्या मनातलं ‘समजणं’ असं वेगळं धरता येतं, त्याला पुढे दुसऱ्याच्या मनात काय आहे हेही ओळखता येऊ लागतं, असा लेस्लींचा तर्क होता. यावर त्यांच्या क्षेत्रात पुष्कळ वादही झाले. ‘समजा’ हा आपला शब्द या दृष्टीनं बघण्यासारखा आहे. गणिताचे मास्तर ‘समजा, एका टाकीला दोन नळ आहेत’ म्हणतात, आणि मुलगी ‘समजा, मी राणी’ म्हणते. दोघांनाही ठाऊक असतं की समोर टाकी नाही आणि राणीही नाही.

दोन खात्यांमधली ही भिंत एकट्यापुरती उभी करणं एक, आणि दोघाचौघांत ती टिकवणं दुसरं. त्यासाठी खूण लागते. ग्रेगरी बेटसन हे मानववंशशास्त्रज्ञ १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची पिल्लं पाहत उभे होते. पिल्लं भांडल्यासारखी एकमेकांच्या अंगावर जात होती, पण ते भांडण नव्हतं. आणि ते नाही हे पाहणाऱ्या माणसालाही कळत होतं आणि पिल्लांनाही. बेटसन यांनी यातून मोठा सिद्धान्त काढला: लटका चावा चाव्याची आठवण करून देतो, पण चाव्याचा जो अर्थ असतो तो त्या चाव्याला नसतो, म्हणजे प्राणीसुद्धा ‘हा खेळ आहे’ हा निरोप देऊ-घेऊ शकतात. वाक्य दोनदा वाचावं लागतं. मराठीत ते एका शब्दात मावतं: लुटुपुटू. लुटुपुटूची लढाई म्हटलं की तलवार, रागाचा आव, ‘धराशायी’ झालेला गडी आणि त्यानं एक डोळा उघडून पाहणं, सगळं आलं.

आणि खेळातून बाहेर यायचीही खूण असते. धावता धावता चप्पल तुटली, आईनं हाक मारली, खरंच लागलं, की हात वर करून ओरडायचं, ‘टाइम प्लीज!’ त्या क्षणी पोलीस चोराला पकडत नाही. चोर शांतपणे चपलेचा अंगठा बसवतो. मग परत पळापळ सुरू. घरातलं धाकटं पोर खेळात घ्यावंच लागतं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नसतं. त्यासाठी त्याला लिंबूटिंबू करायचं. तो आहेही आणि नाहीही. या सगळ्या तरतुदी मुलांनी मुलांसाठी केलेल्या. राज्यघटनेत इतकी सूक्ष्म कलमं असतील का, शंका आहे.

इथं येतो लेव्ह व्हिगॉट्स्की. हा रशियन मानसशास्त्रज्ञ १९३४ साली क्षयानं गेला तेव्हा सदतीस वर्षांचा होता. त्याआधी वर्षभर, १९३३ साली, त्यानं लेनिनग्राडमध्ये मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं. ते छापून यायला १९६६ साल उजाडलं, पण आज या विषयावरचा कुठलाही गंभीर लेख त्याला वळसा घालून जाऊ शकत नाही. खेळ म्हणजे मोकाट सुटणं, हवं ते करणं, अशी समजूत असते. व्हिगॉट्स्कीनं ती उलटी केली. कल्पनेचा खेळ आला की नियम आलाच, असं तो म्हणाला. आई झालेल्या मुलीला आईसारखंच वागावं लागतं. एरवी ती खाऊ हिसकावून घेईल. आई झाली की बाळाला आधी भरवेल.

त्यानं दिलेलं उदाहरण मला फार आवडतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स सली यांच्या नोंदीतून त्यानं ते उचललं होतं. पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणी एकमेकींना म्हणतात, चल, आपण बहिणी होऊन खेळू. आता यात कल्पना कुठे आली? त्या बहिणीच आहेत! पण खेळ सुरू झाला आणि त्या वेगळ्याच वागायला लागल्या. सारखे कपडे घातले, हातात हात घालून फिरल्या, आपण दोघी एक आणि बाकीचे परके असं वागल्या. रोजच्या जगण्यात बहीण म्हणून ज्या नियमांकडे लक्षच जात नाही, ते खेळात मुद्दाम पाळले गेले. इंग्रजीत किंवा रशियनमध्ये हे उदाहरण समजावून सांगायला परिच्छेद लागतो. मराठी मुलीला सांगावं लागणार नाही. त्या बहिणी नव्हत्या का? होत्या. पण आता त्या ‘बहिणी-बहिणी’ खेळत होत्या.

व्हिगॉट्स्कीचा दुसरा मुद्दा काठीचा. काठी घोडा होते, कारण ती दोन पायांत धरून दौडता येते. पोस्टकार्ड लहान मुलाच्या खेळात घोडा होऊ शकत नाही, असं तो म्हणतो. म्हणजे ‘काहीही काहीही होऊ शकतं’ हे मोठ्यांचं काव्य झालं. मुलाला वस्तूकडून थोडी तरी साथ लागते. खोका म्हणूनच इतकी मुलूखगिरी करतो. त्यात बसता येतं, त्यावर चढता येतं, तो डोक्यावर पालथा घालता येतो, ढकलला तर सरकतो. आत शिरलं की जग बाहेर राहतं. अमेरिकेत रॉचेस्टर इथल्या ‘द स्ट्राँग’ संग्रहालयात उत्तम खेळण्यांचं मानाचं दालन आहे. त्यात २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला जागा मिळाली, २००८ साली काठीला आणि २०११ साली पांघरुणाला. आपल्याकडे असं दालन निघालं तर पहिल्या वर्षी टॉवेलचं नाव घालावं लागेल. डोक्याला बांधून पाठीवर सोडला की गुडघ्यापर्यंत केस, मानेशी गाठ मारली की उडता येतं, कमरेला गुंडाळला की नऊवारी. पोर्टिसबाईंनीही खोक्यानंतर काठीवर पुस्तक केलं. त्यात डुकराचं पिल्लू आहे.

नियम आणि वस्तू यांचा संसार बघायचा असेल तर ‘रॉक्साबॉक्सन’ हे पुस्तक बघावं. ॲलिस मॅक्लेरन यांनी लिहिलेलं, बार्बरा कूनी यांनी चित्रं काढलेलं, १९९१ सालचं. हे रचलेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲरिझोनातल्या यूमा गावी एका खडकाळ टेकाडावर मुलांनी खरोखर हे नगर वसवलं होतं आणि लेखिकेची आई त्या मुलांत होती. वाळवंटातले पांढरे दगड मांडून रस्ते आखले. लाकडी खोक्यांची घरं झाली. काळे गुळगुळीत खडे हे चलन ठरलं. नगराध्यक्ष होती, पोलीस होता, आइस्क्रीमची दुकानं दोन होती, कारण आइस्क्रीम कितीही खाल्लं तरी तिथं कुणी ओरडणार नव्हतं. मोटार हवी तर हातात कुठलीही गोल वस्तू धरायची, ते सुकाणूचाक. पण मोटारीला वेगमर्यादा होती आणि ती मोडली तर थेट तुरुंग. तुरुंगाच्या जमिनीवर निवडुंग. घोड्याला मात्र मर्यादा नव्हती. काठी आणि लगामासारखं काहीतरी हाती आलं की हवं तितकं भरधाव सुटा.

मोटारीला नियम आणि घोड्याला मोकळीक, हे त्या मुलांनी कशावरून ठरवलं असेल? ज्या काळात मोटारी नुकत्या आल्या होत्या त्या काळचं सगळं कुतूहल त्यात उतरलं आहे. आज ते टेकाड उद्यान म्हणून राखलेलं आहे. तिथं पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर दगड हेच आहे.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्याचं नातं या टेकाडाशी आहे. ओल्या पोत्यांवर माती थापून, हळीव पेरून, चुन्यानं वाटा आखून मुलं जो गड उभा करतात त्यात महाराज सिंहासनावर, मावळे पायऱ्यांवर, आणि मावळ्याच्या दुप्पट उंचीचा वाघ गुहेत. तळ्यात प्लास्टिकचं बदक, तेही तटबंदीएवढं. येणारे काका हटकून हसतात, ‘अरे, शिवाजी महाराजांच्या काळात हेलिकॉप्टर?’ मुलं काही बोलत नाहीत. हेलिकॉप्टर गेल्या वर्षीच्या खेळण्यांतलं उरलंय, ते कुठेतरी ठेवायला हवं, हे इतकं उघड असतं की सांगण्यात अर्थ नसतो.

खोक्याकडे परत जाऊ. पुस्तकात प्रश्न विचारणारा कधीच दिसत नाही. तो आवाज आईचा असेल, शिक्षिकेचा असेल, वाचून दाखवणाऱ्याचा तर असतोच. रात्री मांडीवर मूल घेऊन हे पुस्तक वाचताना मोठ्याला आपोआप त्या बावळट प्रश्नकर्त्याची भूमिका करावी लागते आणि मुलाला ससुल्याची. प्रश्न काही वाईट हेतूचा नाही. फक्त त्याला लाल रेष दिसत नाही.

हीच गंमत इंग्लंडच्या जॉन बर्निंगहॅम यांनी १९७७ साली दोन पानांत वाटून टाकली होती. त्यांच्या चित्रपुस्तकातली शर्ली आईवडिलांबरोबर समुद्रावर गेली आहे. डावीकडच्या पानावर फिकट रंगांत आईवडील खुर्च्यांवर बसलेले. आईच्या सूचनांची संततधार चालू, पाण्यात जाऊ नको, त्या कुत्र्याला हात लावू नको. उजवीकडच्या पानावर भरगच्च रंगांत शर्ली चाच्यांच्या जहाजावर चढून त्यांच्याशी झुंजते आहे. या पानावर अक्षर नाही. दोन्ही पानं एकमेकांशी शब्दही बोलत नाहीत, आणि कुठलं पान खरं हे बर्निंगहॅम सांगत नाहीत. अमेरिकेच्या मॉरिस सेंडाक यांनी त्याआधी, १९६३ साली, समासाचा उपयोग केला होता. ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये शिक्षा म्हणून खोलीत कोंडलेल्या मॅक्सचं चित्र सुरुवातीला पानाच्या मध्ये, भोवती भरपूर कोरी जागा. खोलीत जंगल उगवू लागतं तसा समास आक्रसत जातो, आणि राक्षसांच्या धुमाकुळात तर तीन जोडपानं चित्रांनी काठोकाठ भरतात, शब्दाला जागाच नाही. मग परतीला लागलं की समास पुन्हा येतो. सगळ्या पुस्तकात मिळून ३३८ शब्द. सुरुवातीच्या एका चित्रात जिन्याशेजारी भिंतीवर राक्षसाचं चित्र टांगलंय आणि खाली मॅक्सची सही आहे. म्हणजे राक्षस त्यानंच काढलेले. पाच-सहा वाचनांनंतर हे मुलांना सापडतं, मोठ्यांना क्वचित.

या खेळाला सगळ्यांचाच आशीर्वाद होता असं नाही. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांना लहान मुलांच्या सोंगाचं फारसं कौतुक नव्हतं. खोट्या चुलीपाशी बसवण्यापेक्षा मुलाला खरं काम, खरी भांडी द्यावीत असं त्यांचं मत. त्यांच्या पद्धतीचा आपल्याकडचा प्रवास मात्र बघण्यासारखा झाला. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत आणि मग १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालवल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबत. परदेशी, महागडी साधनं परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पानं ही साधनं झाली. माँटेसरीबाईंना अभिप्रेत होती ती मोजायची, लावायची, ओळखायची वस्तू. पण खड्यांची रास तीन वर्षांच्या मुलापुढे ठेवल्यावर ती फक्त मोजण्यापुरती राहत असेल यावर माझा विश्वास नाही.

अलीकडे वारं दुसऱ्या टोकाला गेलं आहे. कल्पनेच्या खेळानं बुद्धी वाढते, भाषा सुधारते, सर्जनशीलता फुलते, असे दावे खेळण्यांच्या वेष्टनावर छापलेले दिसतात. मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली या विषयावरच्या अनेक दशकांच्या अभ्यासांची झाडाझडती घेतली. निष्कर्ष थंड होता: कल्पनेच्या खेळामुळेच हे फायदे होतात असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. खेळ आणि हुशारी सोबत दिसतात, पण एकामुळे दुसरी येते, की दोन्हींचं मूळ तिसरीकडे, घरातल्या गप्पिष्ट माणसांत आहे, हे सुटं करता आलेलं नाही. मला हा निष्कर्ष वाचून बरंच वाटलं. फायद्यासाठी खेळायला लावलं की तो खेळ राहत नाही, शिकवणी होते. आणि रिकाम्या खोक्यावर कुठलाच दावा छापलेला नसतो, त्यावर आधीच्या फ्रिजचा किंवा मिक्सरचा नंबर असतो.

पुस्तकाच्या शेवटी न दिसणारा आवाज एकदाचा योग्य प्रश्न विचारतो. खोका नाही म्हणतोस, तर मग आहे तरी काय? ससुला पानभर विचार करतो. मग तो त्याला नाव देऊन टाकतो, इंग्रजी शीर्षकाचेच तीन शब्द जोडचिन्हांनी एकत्र बांधून, आणि अग्निबाणात बसून निघून जातो. हे नाव मराठीत आणायचं कसं, हे मी बरेच दिवस डोक्यात घोळवतो आहे. ‘बिनखोका’ म्हणजे खोकाच नसलेला. ‘अखोका’ पाठ्यपुस्तकातला वाटतो. ‘खोका-खोका’ तर बहिणी-बहिणींसारखं होईल, खोकाच खोक्याचं सोंग घेऊन बसलेला. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘नाखोका.’ म्हटलं, हे काय? नाखवा असतो ना बोटीवर, तसा नाखोका, असं तो म्हणाला आणि माझ्या पुस्तकांचा खोका रिकामा करून त्यात जाऊन बसला. पुस्तकं जमिनीवर पसरलेली. मी विचारलं, ‘अरे, खोक्यात का बसलायस?’